कंबरदुखीसाठी ऑपरेशन करावं का? नागपुरात मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन करत नाही. पण धंतोली-रामदासपेठेत ऑपरेशनची तारीख मिळालेली माणसं तारखेच्या आधी एकदा माझ्याकडे डोकावतात, आणि ऑपरेशन झालेली माणसं टाके निघाल्यावर येतात. कुणी मानेवाड्याहून, कुणी चंद्रपूर-भंडाऱ्याहून, कुणी थेट बालाघाट-छिंदवाड्याहून. वीस वर्षांत तेच प्रश्न इतक्यांदा ऐकले, की एकदा नीट लिहून काढावेत असं वाटलं. तीन महिन्यांहून जास्त काळ कंबर दुखत असलेल्यांसाठी हे लिहिलंय. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला प्रत्यक्ष तपासलंय, मी नाही. हे वाचून त्यांना चार प्रश्न जास्त विचारता आले, तरी मला पुरे.

एक दिवसही थांबू नये, असं कधी असतं?

लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होणं, दोन्ही पायांतली ताकद एकदम कमी होणं. यातलं काहीही नव्यानं सुरू झालं तर ओपीडीची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी इमर्जन्सीत जा. पाठीच्या कण्यात खालच्या बाजूला नसांचा एक जुडगा असतो. पाय, मूत्राशय आणि शौचाची जागा या सगळ्यांना त्याच्याकडून नसा जातात. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, सरकून तिच्याखाली तो पूर्ण दाबला गेला, तर हिशेब तासांचा असतो. एक-दोन दिवस हातचे गेले की ताबा परत येईलच असं नाही.

काटोलकडच्या एक काकू माझ्याकडे यायच्या. लघवी होत नाही हे त्यांनी लाजेपायी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही. सुनेला वाटलं, पाणी कमी पितात. ऑपरेशननंतर पायाची कळ थांबली, पण लघवीची नळी कित्येक महिने राहिली. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाला, बाई असो की बुवा, लघवीचं स्वतःहून विचारते. घरात कुणाची कंबर धरली असेल तर तुम्हीही विचारा.

पायाचा पंजा उचलता येईना, चालता चालता स्लीपर निघून गेली आणि कळलंच नाही, हेही त्याच दिवशी दाखवायचं. ताप, उतरत चाललेलं वजन, झोपेतून उठवणारं दुखणं, आधी झालेला कॅन्सर, बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉईड, पडल्यावर सुरू झालेली कळ, यांचा तपास वेगळा होतो. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजूनही भेटतो. वेळेवर ओळखला तर बहुतेक जण औषधांनीच बरे होतात.

वरचं काही नसेल, तर तुमच्याकडे विचार करायला वेळ आहे. "उद्याच भरती व्हा" म्हटलं तरी आहे.

एमआरआयमध्ये 'एल ४-एल ५ डिस्क बल्ज' आलंय. म्हणजे ऑपरेशन लागणारच ना?

नाही. एल ४-एल ५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका, डिस्क बल्ज म्हणजे त्यांच्यामधली गादी फुगणं. एमआरआयच्या कागदावर ऑपरेशन ठरत नाही. २०१५ साली कंबर दुखत नसलेल्या ३११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. पन्नाशीतल्या लोकांत शंभरातल्या ८० जणांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या आणि ६० जणांची गादी फुगलेली. विशीतल्या धडधाकट पोरांतही शंभरात ३० जणांची फुगलेली होती. या सगळ्यांना काहीच दुखत नव्हतं. केस पिकतात तशा गाद्याही सुकतात, आणि रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर जे दिसतं ते सगळं प्रामाणिकपणे लिहितो.

बघायचं ते हे, की फिल्ममधली जागा आणि शरीरातलं दुखणं जुळतंय का. एल ५ ची नस दबली तर कळ साधारण मांडीच्या-पोटरीच्या बाहेरच्या अंगानं पायाच्या अंगठ्याकडे जाते, आणि अंगठा वर उचलायची ताकद कमी होते. तिच्या खालची, एस १ ची दबली तर कळ पोटरीच्या मागून करंगळीकडे जाते, चवड्यांवर उभं राहता येत नाही. फिल्ममध्ये गादी उजवीकडे सरकलेली आणि कळ डाव्या पायात, असे रुग्ण मी पाहिलेत. त्यांचं ऑपरेशन त्या गादीचं करून काय होणार? म्हणून ज्या डॉक्टरांनी तुम्हाला टाचांवर आणि चवड्यांवर चालायला लावलं नाही, झोपवून पाय उचलून पाहिला नाही, नुसती फिल्म उजेडात धरली आणि तारीख दिली, त्यांना "एकदा तपासता का?" म्हणून नम्रपणे विचारा. तुमचा हक्क आहे तो.

'मणक्यात गॅप आला' म्हणजे काय?

काही नाही. गादी झिजली की दोन मणक्यांतलं अंतर उलट कमी होतं. हा शब्द ऐकून लोकांना वाटतं की कणा सुटा झाला, वाकलो तर तुटेल. गादी झिजली म्हणून कणा तुटत नाही. हा शब्द डोक्यातून काढून टाका.

मग ऑपरेशनचा फायदा नेमका कुणाला होतो?

ज्याचं मुख्य दुखणं पायात आहे, त्याला. ऑपरेशन दबलेली नस मोकळी करतं. पायातली वीज चमकल्यासारखी कळ, मुंग्या, बधिरपणा, पाय भरून येणं हे नसेचं काम आहे, आणि नस मोकळी झाली की त्यात बहुधा चांगला फरक पडतो. कंबरेतलं जडपण आणि ठणका त्याच वेगानं जाईल असं नाही.

माझ्या वडिलांचं सांगते. बाबा पोस्टात होते, निवृत्तीनंतर महालातून गांधीसागर तलावापर्यंत रोज पायी जायचे. मग हळूहळू दर तिसऱ्या दुकानाच्या ओट्यावर बसायला लागले. "चाललो की पाय भरून येऊन राहिले. बसलो की दोन मिनिटांत मोकळे." आम्हाला वाटलं वय झालं. एक दिवस पाहिलं तर तेच बाबा सायकल हातात धरून, हँडलवर वाकून, न थांबता बर्डीपर्यंत जाऊन आले. मी फिजिओथेरपिस्ट असून घरातलं माझ्या लक्षात यायला इतके दिवस लागले, याचं मला आजही वाईट वाटतं. पुढे वाकलं की कण्यातली नळी थोडी रुंद होते, ताठ उभं राहिलं की आवळते. हे नळी अरुंद झाल्याचं लक्षण, डॉक्टर त्याला स्टेनोसिस म्हणतात. भाजीबाजारात हातगाडीला टेकून उभे राहणारे कितीतरी आजी-आजोबा याच दुखण्याचे असतात.

बाबांनी दोन वर्षं ढकलली, कारण शेजारच्या काकांनी सांगितलं होतं, पाठीला चाकू लावला की माणूस खाटेला खिळतो. शेवटी चालणं शंभर पावलांवर आलं तेव्हा नळी मोकळी करण्याचं ऑपरेशन केलं, स्क्रू न टाकता. पाय मोकळे झाले. तिसऱ्या महिन्यात ते तलावापर्यंत एका दमात गेले. कंबर सकाळी अजूनही धरते, आणि ते त्याबद्दल तक्रार करत नाहीत, कारण डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच सांगितलं होतं की कंबरेचं वचन मी देत नाही.

माझ्या पायात काहीच नाही, नुसती कंबर दुखते. स्क्रू टाकून मणके जोडायला सांगितलंय. करू का?

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मणके जोडणं, म्हणजे फ्यूजन, हे योग्य ठिकाणी उत्तम ऑपरेशन आहे. मणका घसरून नस दाबली गेली असेल, मणका मोडून अस्थिर झाला असेल, जंतुसंसर्गानं किंवा गाठीनं खचला असेल, पाठ वाकडी होत चालली असेल, तिथे ते लागतं. पण गादी झिजलीय आणि कंबर दुखतेय, एवढ्याच कारणासाठी केलेल्या फ्यूजनचा भरवसा कमी आहे. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांचा एक अभ्यास झाला, २००५ साली छापून आला. निम्म्यांचं फ्यूजन केलं. बाकीच्यांना तीन आठवडे, साधारण ७५ तास, कसून व्यायाम करवून घेतला आणि दुखण्याची भीती घालवण्यावर काम केलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांत सुधारणा होती आणि दोघांतला फरक अगदी थोडा होता. ऑपरेशनवाल्या गटात काहींना ऑपरेशनचे त्रास झाले, ते वेगळे.

तेव्हा नुसत्या कंबरेसाठी फ्यूजन सांगितलं असेल तर आधी विचारा: मणका खरंच हलतोय का? पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेल्या एक्स-रेमध्ये तो सरकताना दिसतो का? नसल्यास कशासाठी जोडायचा? जोडलेल्या मणक्याच्या वरच्या-खालच्या गाद्यांवर पुढे जास्त भार येतो, तेव्हा काय करायचं?

माझ्या मामेभावाचं असंच झालं. कोळसा खाणीत डंपर चालवायचा. दिवसभर सीटखालून दणके, रात्रपाळ्या, झोप नाही. पस्तिशीत कंबर गेली. एका खासगी दवाखान्यात चार स्क्रू बसले. स्क्रू चांगले बसलेत, एक्स-रे सुंदर आहे, आणि कंबर आजही दुखते. त्याला कुणी झोपेबद्दल विचारलं नव्हतं, सीटबद्दल विचारलं नव्हतं, घरात चाललेल्या ताणाबद्दल विचारलं नव्हतं. जुन्या दुखण्यात हे सगळं असतं. मेंदू त्या जागेचा धोका इतका पाठ करून ठेवतो की किरकोळ हालचालही त्याला मोठी वाटते. दुखणं खरं असतं. फक्त त्याचं मूळ एका गादीत सापडत नाही.

सायटिका आहे, म्हणजे नस दबून पायात कळ उतरते, गादी सरकलीय. किती दिवस थांबायचं?

पंजाची ताकद शाबूत असेल आणि पहिल्या उत्तरातलं काही नसेल, तर सहा ते बारा आठवडे. सरकलेल्या गादीचा तुकडा शरीर पुष्कळदा स्वतःच विरघळवतं, आणि गंमत म्हणजे मोठे, सुटे झालेले तुकडे जास्त विरघळतात. नेदरलँड्समधला २००७ चा अभ्यास मी रुग्णांना नेहमी सांगते. दीड ते तीन महिने सायटिका असलेले २८३ जण. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्मे थांबले. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर गेली, यात शंका नाही. वर्षभरानं मात्र दोन्हीकडे शंभरातले ९५ बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे कधीतरी ऑपरेशन करून घ्यावं लागलं.

याचा अर्थ तुम्हीच लावायचा. दुकान एकट्यानं चालवता, रात्री झोप नाही, तीन महिने कळ सोसणं शक्य नाही, तर लवकर करून घेण्यात चूक काही नाही. सोसवत असेल आणि रोज थोडं सुधारत असेल, तर थांबण्यातही नुकसान नाही. दोन्ही निर्णय शहाणपणाचे असू शकतात.

व्यायाम करून पाहिला, फरक नाही पडला.

कोणता केला, ते आधी सांगा. पाठ शेकली, मशीन लावलं, वजनानं कंबर ओढली आणि पट्टा बांधला, याला मी व्यायाम धरत नाही. तुमच्या अंगातून घाम निघायला हवा. रोज चालणं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा पाठ, पोट, नितंब, मांड्या यांची ताकद वाढवणारे व्यायाम, दर पंधरा दिवसांनी थोडे अवघड करत, निदान तीन महिने. पहिले पंधरा दिवस थोडं जास्त दुखतं. तिथेच बहुतेक जण सोडतात. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं पूर्वपदावर आलं, तर चालू ठेवा.

झोपून राहणं सगळ्यात वाईट. एक-दोन दिवसांच्या वर नको. मे महिन्यात पारा ४५ वर असताना कुणी चालणार नाही, हे मला कळतं. पहाटे साडेपाचला अंबाझरीला किंवा घराजवळच्या बगिच्यात जा, नाहीतर घरातच दोन खोल्यांत फेऱ्या मारा.

कमरेत इंजेक्शन घेऊन ऑपरेशन टळतं का?

नसेजवळ दिलेल्या स्टेरॉईडच्या इंजेक्शननं पायाची कळ काही आठवडे कमी होऊ शकते. त्या काळात गादी विरघळली तर तुमचं काम झालं. नुसत्या कंबरदुखीत त्याचा उपयोग फारसा नाही. शुगर असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस ती वाढते, मोजत राहा.

ऑपरेशननं पाय लुळा तर नाही पडणार?

ही भीती प्रत्येकाच्या मनात असते. मोठ्या माणसात मुख्य मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. एल ४, एल ५ ची ऑपरेशनं त्याच्या खाली होतात, तिथे फक्त नसांचे धागे असतात. म्हणून दोन्ही पाय जाणं फार विरळ. पण धोका शून्य नाही. नसेला इजा, नसांवरचं आवरण फाटून पाणी येणं, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, हे होऊ शकतं. गादीचं ऑपरेशन झालेल्या शंभरातल्या साधारण ५ ते १५ जणांची गादी पुन्हा सरकते. तुमच्या डॉक्टरांना विचारा की त्यांच्या हातून वर्षाला अशी किती ऑपरेशनं होतात आणि किती जणांना त्रास झाला. चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही. अस्थिरोगतज्ज्ञ की न्यूरोसर्जन, यानं फरक पडत नाही. मणक्याचं काम नेहमीचं असलं पाहिजे.

दुर्बिणीतून करू की साधं? लेझर कसं?

दुर्बिणीत जखम लहान, घरी लवकर जाता येतं. वर्षभरानंतर पायाचं दुखणं दोन्हींत जवळपास सारखंच कमी झालेलं दिसतं. ज्या पद्धतीत सर्जनचा हात बसलाय ती घ्या. जाहिरातीतल्या 'बिनटाक्याच्या लेझर'मागे मी धावणार नाही.

दुसरं मत घेतलं तर डॉक्टर नाराज होतील?

झाले तर होऊ द्या. पहिला रिपोर्ट पिशवीत ठेवून नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत, म्हणजे मेडिकलला, मेयोला किंवा मिहानच्या एम्सला दाखवा. रांग लागते, एक दिवस जातो. पण आयुष्यभर पाठीत राहणाऱ्या स्क्रूपुढे एक दिवस काय आहे? दुसऱ्या डॉक्टरांना आधी तुमचं दुखणं सांगा, पहिल्यांनी काय सुचवलं ते शेवटी.

खर्चाचं काय?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेटा. तुमचं नेमकं ऑपरेशन पॅकेजमध्ये बसतं का आणि स्क्रूची किंमत त्यात धरलीय का, हे भरती होण्याआधी विचारा. खासगी विमा असेल तर बऱ्याच पॉलिसींत डिस्कच्या ऑपरेशनला पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं. आणि विमा मंजूर झालाय म्हणून ऑपरेशन करू नका. मार्चमध्ये पॉलिसी संपतेय, या एका कारणानं घाई केलेले लोक मी पाहिलेत.

खर्रा खातो. चालेल ना?

नाही चालणार, भाऊ. सिगारेट असो की पन्नीत घोटलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा, निकोटीन रक्तात जातंच. निकोटीननं हाड जुळायला अडथळा येतो. लाखो रुपयांचं फ्यूजन करायचं आणि ते जुळू द्यायचं नाही, असं होतं. ऑपरेशनच्या आधी निदान चार-सहा आठवडे आणि नंतर हाड जुळेपर्यंत पूर्ण बंद. शुगरही आधी आटोक्यात आणा, जखम चिघळण्याचं ते मोठं कारण आहे.

उन्हाळ्यात केलं तर टाके पिकतात म्हणे?

उन्हानं टाके पिकत नाहीत. घामानं पट्ट्याखाली घामोळं येतं, तेवढी जागा कोरडी ठेवा. थांबण्यासारखं असेल तर ऋतूपेक्षा घरातलं बघा: सहा आठवडे हाताशी माणूस असेल असा काळ निवडा. शेतकऱ्यांना मी सांगते, कापूस वेचणी आटोपून या. पंजा पडत चालला असेल तर मात्र वेचणीचीही वाट पाहायची नाही.

ऑपरेशननंतर कामावर कधी जाता येतं?

गादीचं असेल तर बहुधा दुसऱ्या दिवशी चालवतात. बसून काम करणारे दोन ते सहा आठवड्यांत कामाला लागतात, ओझं उचलणाऱ्यांना तीन महिने धरा. फ्यूजनला हाड जुळायला तीन ते सहा महिने. स्कूटी तुमच्या सर्जनला विचारून, बहुधा महिन्या-दीड महिन्यानं. देशी संडासावर सुरुवातीला बसू नका, खुर्चीचा कमोड आधीच आणून ठेवा. पुढे उकिडवं बसता येतं, त्याची भीती नको.

पायाळू माणसाकडून पाय लावून घेतला होता, चमक गेली होती. पुन्हा घेऊ?

नवी चमक आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआपच उतरते. नुसता पाय लावला तर हरकत नाही. जोरानं लाथ किंवा मुरगळणं नको. हाडं ठिसूळ असतील किंवा टीबी असेल तर मणका खचू शकतो.

घरात एकमत होत नाही. मुलगा म्हणतो करा, बायको म्हणते नको. ठरवायचं कसं?

दुखणं तुमचं आहे, तुम्ही ठरवा, पण अंदाजानं नको. शंभर पानी वही घ्या आणि चार आठवडे रोज रात्री चार ओळी लिहा. आज न थांबता किती मिनिटं चाललो. किती वेळ बसू शकलो. रात्री किती वेळा उठलो. एकूण दुखण्यातलं रुपयात किती आणे पायात आणि किती कमरेत. पहिल्या पानावर लिहा की ऑपरेशननंतर तुम्हाला नेमकं काय करता यायला हवं: नातवाला शाळेत सोडणं, ओट्याशी उभं राहून पोळ्या करणं, दीक्षाभूमीला पायी जाऊन येणं. मग ते पान सर्जनसमोर ठेवा आणि विचारा, "यातलं काय मिळेल, किती जणांना मिळतं, आणि नाही मिळालं तर पुढे काय?" मुलगा आणि बायको, दोघांनाही तेव्हा सोबत बसवा.

माझ्याकडे याल तेव्हा फिल्मसोबत वही पण आणा. मी आधी वही वाचते.